वहिनीची लघवी थांबत नाही, आणि मला सातवा लागलाय

पत्र बरंच मोठं होतं, थोडं कमी करून देतेय.

"मावशी, तुमचं सदर नेहमी वाचते पण लिहितेय पहिल्यांदाच, आणि ते पण माझ्यासाठी नाही, वहिनीसाठी. वहिनी १९ वर्षांची आहे. चार महिन्यांपूर्वी तिची पहिली डिलिव्हरी झाली. कळा दोन दिवस चालू होत्या, सगळे म्हणत होते पहिलटकरणीला वेळ लागतोच. दुसऱ्या रात्री हॉस्पिटलला नेलं, सिझेरियन झालं, पण बाळ आधीच गेलं होतं. त्यानंतर आठवड्याच्या आतच तिची लघवी गळायला लागली ती आजपर्यंत थांबलेली नाही. दिवसरात्र गळते. ती कुणाजवळ बसत नाही, वेगळी झोपते, पाणी पिणं तर जवळजवळ सोडलंच आहे. एक पाय ओढत चालते. एका डॉक्टरांनी इन्फेक्शनच्या गोळ्या दिल्या, काही फरक नाही. आई म्हणते अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू. बाकीचे शाप वगैरे काय काय बोलतात ते लिहवत नाही. दादा नुसता गप्प असतो. आणि मला सातवा महिना लागलाय, माझं पण पहिलंच आहे, रात्र रात्र झोप येत नाही. वहिनीचं हे बरं होतं का? तिला परत मूल होईल का? आणि माझं पण असंच झालं तर? – एक नणंद"

बाळा, बाकीचं सगळं नंतर, आधी तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. हो, हे बरं होतं. गोळ्यांनी होत नाही, वाट बघून होत नाही, आता चार महिने उलटल्यावर आपोआप तर नाहीच होणार, पण ऑपरेशनने होतं आणि बहुतेक बायकांचं होतं.

तू जे लिहिलंयस त्यावरून मला जे वाटतंय त्याला फिस्टुला म्हणतात, बाळंतपणातला फिस्टुला. मी डॉक्टर नाही, लेबर रूममध्ये आयुष्य काढलेली नर्स आहे, तपासल्याशिवाय नक्की कुणीच सांगू शकत नाही आणि मीही सांगत नाहीये, पण दोन दिवस अडलेलं बाळंतपण, गेलेलं बाळ, काही दिवसांनी सुरू झालेली सततची गळती आणि ओढत चालणारा पाय, हे चारही एका बाईत दिसले की माझ्या डोक्यात दुसरं काही येत नाही.

मराठीत किती नेमका शब्द आहे बघ, बाई "अडली". खरंच अडलेलंच असतं. बाळाचं डोकं आईच्या कंबरेच्या हाडांच्या कड्यातून खाली उतरायचं असतं, पण डोकं मोठं असलं किंवा बाळ आडवंतिडवं असलं किंवा आईचंच हाड अरुंद असलं (लहान वयात दिवस गेले, किंवा लहानपणी पोटभर खायलाच मिळालं नाही, की हाडांची वाढ पूर्ण झालेली नसते) तर डोकं मध्येच रुतून बसतं. कळा मात्र थांबत नाहीत, त्या ढकलतच राहतात. आता विचार कर, एका बाजूला बाळाची टणक कवटी, दुसऱ्या बाजूला आईचं हाड, आणि मध्ये लघवीची पिशवी आणि योनीमार्गाची भिंत चिमटीत सापडलेली. तिथलं रक्त बंद होतं. बोटाला दोरा घट्ट गुंडाळला की बोट पांढरं पडतं ना, लगेच सोडला तर परत लाल होतं, पण तोच दोरा कुणी दिवसभर सोडलाच नाही तर? तसंच. तेवढा भाग मरतो, आणि मेलेला भाग लगेच नाही पडत, काही दिवसांनी सुटून पडतो, साधारण तीन ते दहा दिवसांत. आणि तिथे भोक राहतं. लघवीची पिशवी आणि योनीमार्ग यांच्यामधलं भोक. त्यामुळे पिशवी भरतच नाही, मूत्रपिंडातून लघवी येते तशी थेट खाली गळते. म्हणून तुमच्याकडे गळती काही दिवसांनी सुरू झाली आणि म्हणून ती झोपेत पण थांबत नाही.

कधीकधी भोक मागच्या बाजूला, शी-च्या जागेकडे पण पडतं, मग वारा किंवा शी पण योनीमार्गातून येते. हे तू तिला एकटीला गाठून विचार, कारण बायका लघवीचं कशीबशी सांगतात पण हे कधीच सांगत नाहीत, आणि डॉक्टरांना ते कळणं फार गरजेचं असतं.

तर हा अशक्तपणा नाही. अशक्तपणा असता तर खोकल्यावर, शिंकल्यावर, वजन उचलल्यावर थोडी लघवी गेली असती आणि मध्ये मध्ये तिला बाथरूमला जायची भावना पण झाली असती. हे इन्फेक्शन पण नाही, म्हणजे सोबत इन्फेक्शन असूही शकतं पण अँटिबायोटिकने भोक बुजत नाही, म्हणून त्या गोळ्यांचा फरक पडला नाही. आणि शाप वगैरे जे बोलतात त्यांना दोऱ्याचं उदाहरण सांग. वहिनीने काहीही केलेलं नाहीये. दोन दिवस तिने कळा सोसल्या, एवढंच तिने केलं. जे वेळेवर व्हायला हवं होतं ते तिच्या बाबतीत वेळेवर झालं नाही.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते कारण पुढे घरात यावरून भांडणं होतील. "सिझेरियनमुळेच झालं, उगाच केलं" असं कुणीतरी म्हणेल. सिझेरियन करताना किंवा गर्भाची पिशवी काढायच्या ऑपरेशनमध्ये लघवीच्या पिशवीला इजा होऊन फिस्टुला होतो, हे खरं आहे, तसे पेशंट मी पाहिलेत. पण तुमच्याकडे डोकं दोन दिवस रुतलेलं होतं, बाळ आधीच गेलेलं होतं, म्हणजे सिझेरियन झालं तोपर्यंत आत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असण्याचीच शक्यता जास्त. नक्की काय ते तपासणीत कळेल. पण त्या वादापायी पुढच्या खेपेला घरातली कुणी सिझेरियनला नको म्हणाली तर तो मोठा घात होईल, आणि हे मी तुझ्याकडे बघून बोलतेय.

आता एक विचारू? एवढ्या मोठ्या पत्रात बाळाबद्दल तू अर्धीच ओळ लिहिलीस. तुझी चूक नाही, सगळ्याच घरांत असं होतं, गळती एवढी समोर असते की बाळ गेलंय हे सगळे विसरून जातात, एक आई सोडून. फिस्टुला होतो त्या बाळंतपणांत १०० पैकी ९० वेळा बाळ वाचत नाही, म्हणजे या बायका दोन-दोन दुःखं घेऊन घरी येतात. आणि शरीराला काय कळतं, बाळ असो नसो, तीन-चार दिवसांत पान्हा फुटतो. वहिनीची छाती दुधाने भरून दगड झाली असेल त्याच दिवसांत तिला खालून ओलं लागायला लागलं असेल. १९ वर्षांची पोर. तिला कुणी विचारलं का गं, मुलगा होता की मुलगी होती, तू पाहिलंस का त्याला? तू विचार. ती रडेल, रडू दे, तू फक्त जवळ बस. आणि ती अजिबात बोलत नसेल, खात नसेल, मरणाच्या गोष्टी करत असेल तर ते पण डॉक्टरांना त्याच दिवशी सांगायचं, त्यालाही उपचार आहेत आणि त्यासाठी ऑपरेशनची वाट बघायची नाही.

मग पाणी. हे आजच्या आज बदलायचं. सगळ्या जणी हेच करतात, पाणी कमी प्यायलं की कमी गळेल असं वाटतं, पण होतं उलटंच, गळती थांबत तर नाहीच आणि लघवी घट्ट, पिवळीजर्द होते, वास दसपट वाढतो, मांड्यांची कातडी सोलवटून निघते, खडे धरतात, इन्फेक्शन होतं. भरपूर पाणी प्यायला लाव, दिवसाला दोन-तीन लिटर तरी, लघवी पाण्यासारखी फिकी दिसली पाहिजे. वास जवळजवळ जाईल, बघ तू. खालची जागा दिवसातून तीन-चार वेळा साध्या पाण्याने धुवायची, डेटॉल वगैरे काही नको, हलक्या हाताने टिपून कोरडी करायची, मग व्हॅसलीन किंवा झिंकचं क्रीम मांड्यांपर्यंत लावायचं, म्हणजे लघवी कातडीला लागत नाही. पॅड किंवा घडीचं सुती कापड भिजलं की बदलायचं. आणि कुणी जडीबुटी, पोटली, तुरटी असलं काही आत ठेवायला सांगितलं तर साफ नाही म्हणायचं, आतली जागा आधीच नाजूक झालेली असते, अशा गोष्टींनी भोक मोठं होतं आणि वण धरतो, आणि मग शिवायला चांगली कातडीच उरत नाही.

आता कुठे जायचं. साध्या क्लिनिकमध्ये हे नुसतं बघून पण कळेलच असं नाही, आणि ऑपरेशन तर प्रत्येक गायनॅक करत नाही, करूही नये. मोठं हॉस्पिटल, मेडिकल कॉलेजचं असलं तर उत्तम, तिथला गायनॅक विभाग किंवा युरॉलॉजी, म्हणजे लघवीच्या आजारांचा विभाग. आणि सरळ विचारायचं की तुम्ही फिस्टुलाची ऑपरेशनं नेहमी करता का, नाहीतर जे करतात त्यांच्याकडे पाठवा. यात लाजायचं काही नाही. कारण पहिल्या ऑपरेशनला यश मिळायची शक्यता सगळ्यात जास्त असते, प्रत्येक फसलेल्या ऑपरेशननंतर वण वाढतो आणि काम अवघड होत जातं. म्हणून जवळ आहे म्हणून कुठेही करून टाकू असं करू नका, चार तास जास्त प्रवास झाला तरी चालेल.

जायच्या आधी एका कागदावर लिहून घ्या, कळा कधी सुरू झाल्या, पाणी कधी गेलं, बाळ कधी झालं, गळती कितव्या दिवशी सुरू झाली, पाय कधीपासून ओढतो, शी वाऱ्याचा त्रास आहे का. डिलिव्हरीचे कागद सोबत. कागद अशासाठी की तिथे गेल्यावर वहिनी बोलणार नाही, मान खाली घालून बसेल, आणि दोन मिनिटांत परत इन्फेक्शनच्या गोळ्या घेऊन बाहेर याल. कागदावर पहिली ओळ मोठ्या अक्षरात लिही, "डिलिव्हरीनंतर दिवसरात्र सतत लघवी गळते". ती ओळ वाचली की जाणता डॉक्टर पुढचं बरोबर विचारतो.

तपासणीला ती घाबरेल म्हणून तिला आधीच सांगून ठेव, काय करतात ते. निळ्या रंगाचं पाणी एका बारीक नळीने लघवीच्या पिशवीत सोडतात आणि योनीमार्गात एकावर एक असे तीन कापसाचे बोळे ठेवतात. मग थोडा वेळ चालायला सांगतात. नंतर बोळे काढून बघतात. मी कितीतरी वेळा ट्रे धरून उभी राहिलेय, पांढऱ्या कापसावर तो निळा डाग उमटलेला दिसतो आणि महिनोन् महिने "हिला काहीतरी झालंय" म्हणणाऱ्या घरच्यांना पहिल्यांदा डोळ्यांनी दिसतं की नेमकं काय झालंय. मधला बोळा निळा झाला तर भोक पिशवीला आहे. वरचा बोळा ओला झाला पण निळा नाही, तर गळती मूत्रपिंडातून येणाऱ्या नळीची असू शकते, त्याचं ऑपरेशन वेगळं. एवढीशी तपासणी पण काय काय सांगून जाते.

ऑपरेशन लगेच होईलच असं नाही. अडलेल्या बाळंतपणानंतर आतली जागा सुजलेली, कच्ची असते, म्हणून बरेच डॉक्टर साधारण तीन महिने थांबतात. तुमचे चार झालेत, म्हणजे आता जायची अगदी योग्य वेळ आहे, अजून सहा महिने अंगावर काढून काही मिळणार नाही. गेल्यावर आधी तिचं रक्त वाढवतील, इन्फेक्शन असेल तर घालवतील, मग ऑपरेशन. बऱ्याचदा ते खालूनच होतं, पोट न फाडता, फक्त कंबरेखालचा भाग बधिर करून. पिशवीची भिंत योनीमार्गापासून मोकळी करतात आणि दोन्ही वेगवेगळ्या शिवतात. नंतर एक ते दोन आठवडे कॅथेटर, म्हणजे लघवीच्या पिशवीत ठेवलेली नळी असते, आणि त्या दिवसांत सगळ्यात मोठं काम म्हणजे ते कॅथेटर वाहतं ठेवणं. नळी दुमडली, अंगाखाली दबली की पिशवी भरते आणि ताजी शिवण ताणली जाते. सोबत कोण राहणार त्याने दर तासाला बघायचं, नळी सरळ आहे ना, नळीला लावलेल्या पिशवीत थेंब पडतायत ना, पलंग कोरडा आहे ना. घाईने काही करायचं नसतं, एवढंच बघत राहायचं असतं. हे काम दादाला द्या. तो गप्प असतो म्हणालीस ना, मला वाटतं त्याला काय करायचं तेच कळत नसेल, त्याला हातात काहीतरी काम द्या.

जाणत्या हातांनी केलं तर १०० पैकी ८० ते ९० बायकांचं भोक बंद होतं. खोटी आशा लावायची नाही म्हणून हेही सांगते, काहींना दुसऱ्यांदा ऑपरेशन लागतं, आणि काहींचं भोक बंद होऊनही खोकल्यावर थोडी गळती राहते कारण तिथले स्नायू दुखावलेले असतात, त्यालाही व्यायाम, औषधं आहेत. फार थोड्या जणींचं काहीच होत नाही. पण ते आधीच धरून बसायचं नाही.

पायाचं विचारलं नाहीस पण सांगते, तोही त्याच दाबाने गेलाय. डोक्याच्या दाबाने पायाकडे जाणाऱ्या नसा चेपल्या जातात आणि पाऊल लुळं पडतं. बऱ्याच जणींचं हळूहळू, महिन्यांनी, कधी वर्ष-दोन वर्षांनी परत येतं. फिजिओथेरपी आत्तापासून सुरू करा, ऑपरेशनसाठी थांबू नका, पाऊल आखडलं तर मग अवघड होतं.

परत मूल? हो, होऊ शकतं. ऑपरेशननंतर निदान तीन महिने नवरा-बायकोने लांब राहायचं, हे दादाला डॉक्टरांकडूनच सांगू दे, आणि दिवस राहायला साधारण वर्षभर तरी थांबायचं. मग दिवस गेले की पहिल्या महिन्यापासून मोठ्या हॉस्पिटलमध्ये नाव घालायचं आणि बाळ सिझेरियननेच, तारीख ठरवून, कळा सुरू व्हायची वाट न बघता. तिची पाळी अजून आली नसेल तर त्यानेही घाबरू नका, अशा बाळंतपणानंतर ती बरेच महिने बंद राहू शकते, डॉक्टरांना सांगा म्हणजे झालं.

वहिनीला वाटत असेल जगात हे आपल्या एकटीलाच झालंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने दरवर्षी ५० हजार ते १ लाख बायकांना हे होतं. २३ मे हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी २०१३ पासून खास यासाठी ठेवलाय. आणि हे शिवता येतं हे काही काल-परवा कळलेलं नाही, अमेरिकेत १८४९ च्या सुमाराला हे ऑपरेशन जमलं. कसं जमलं तेही सांगायला हवं, सिम्स नावाच्या डॉक्टरने गुलाम बायकांवर, भूल न देता, पुन्हा पुन्हा केलं. अनार्का, बेट्सी आणि लूसी ही त्यातली तीन नावं माहीत आहेत. एकट्या अनार्कावर ३० च्या आसपास ऑपरेशनं झाली. त्या मुलींनी जे सोसलं त्याच्यावर आजचं हे ज्ञान उभं आहे, आणि तरीसुद्धा दीडशेहून जास्त वर्षांनंतर एखादी बाई चार महिने ओल्या कपड्यात बसते याचा मला संताप येतो.

तिला मामितूची गोष्ट सांग. इथिओपियातली खेड्यातली मुलगी, कधी शाळेत न गेलेली. चार दिवस कळा, बाळ गेलं, फिस्टुला. कॅथरीन आणि रेजिनाल्ड हॅमलिन हे डॉक्टर नवरा-बायको १९५९ मध्ये तिथे गेले होते, त्यांच्याकडे ती पेशंट म्हणून आली. मग तिथेच राहिली, आधी पलंग आवरायची, मग ऑपरेशनमध्ये मदत करायला लागली, मग बघता बघता स्वतः फिस्टुला शिवायला शिकली आणि इतकी हुशार झाली की शिकलेले डॉक्टर तिच्याकडे शिकायला यायला लागले. हॅमलिन दांपत्याने १९७४ मध्ये अदिस अबाबाला फक्त फिस्टुलासाठीचं हॉस्पिटल काढलं, तिथे आणि त्यांच्या बाकीच्या हॉस्पिटलांत मिळून ६० हजारांहून जास्त बायकांवर उपचार झालेत. कॅथरीनबाई २०२० मध्ये वारल्या, ९६ वर्षांच्या होऊन.

आता तू. सातवा महिना, पहिलंच. तुझी भीती मला कळते, पण भीतीत एक सोय आहे, तुला आत्ता कळलंय की काय होऊ द्यायचं नाही, वहिनीला ते कुणी सांगितलंच नव्हतं. फिस्टुला एका दिवसात ठरत नाही, तो उशिरात ठरतो. निघायचं ठरवायला उशीर, मग पोचायला उशीर, मग पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. यातला पहिला आणि दुसरा तू आजपासून कमी करू शकतेस.

डिलिव्हरी अशाच ठिकाणी ठरव जिथे गरज पडली तर सिझेरियन होतं, किंवा निदान जिथून तसल्या हॉस्पिटलला लगेच हलवता येतं. गाडी कुणाची, रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा, रक्त लागलं तर कोण देणार, हे आठव्या महिन्यातच ठरवून टाक. आणि सगळ्यात महत्त्वाचं, निर्णय कोण घेणार. मी इतक्या बायका अडलेल्या पाहिल्यात ज्यांच्या घरी गाडी होती, पैसे होते, फक्त "हे आल्यावर ठरवू" यात रात्र गेली. तुझ्या नवऱ्याशी आजच बोल, की कळा सुरू झाल्या की कुणाला विचारायचं नाही, निघायचं. तो गावाला असला तरी निघायचं.

कळा सुरू झाल्या की घरी थांबून बघू हे नको. पहिल्या खेपेला वेळ लागतो हे खरंच आहे, पण वेळ लागतो म्हणजे किती यालाही हिशोब आहे. गर्भाच्या पिशवीचं तोंड पाच सेंटीमीटर उघडलं आणि कळा जोरात यायला लागल्या की तिथून पुढे पहिलटकरणीला सहसा बारा तासांच्या वर लागत नाहीत, आणि तोंड पूर्ण उघडल्यावर जोर करायला लागल्यापासून तीन तासांच्या आत बाळ यायला हवं. हे सगळं लेबर रूममध्ये एका तक्त्यावर लिहीत जातात, त्याला पार्टोग्राफ म्हणतात, तोंड किती उघडलं, डोकं किती खाली आलं, बाळाचे ठोके किती. त्या तक्त्यावरची रेघ वर चढायची थांबली की जाणती नर्स डॉक्टरला हाक मारते. घरात असा तक्ता कुणी ठेवत नाही, म्हणून घरी दोन दिवस जातात आणि कुणाला कळतच नाही की डोकं कालपासून तसूभर हललेलं नाही.

कळा चालू असताना दर दोन-तीन तासांनी लघवी करून ये, भरलेली लघवीची पिशवी डोक्याखाली जास्त चेपते. लघवी होतच नसेल तर सांग, नळीने काढतात. तोंड पूर्ण उघडायच्या आधी कुणी जोर कर म्हणालं तर करू नको, पोटावर कुणाला दाबू देऊ नको, आणि घरी येऊन कळा वाढायचं इंजेक्शन देणारं कुणी असेल तर त्याला दाराबाहेरच ठेव, अडलेल्या बाळावर ते इंजेक्शन दिलं तर गर्भाची पिशवी फाटू शकते. आणि देव न करो पण खूप वेळ अडलीस आणि मग बाळ झालं, तर कॅथेटर लगेच काढू देऊ नको, निदान दोन आठवडे ठेवतात का ते विचार. लघवीची पिशवी रिकामी राहिली की चेपलेल्या जागेला सावरायला वेळ मिळतो, छोटं ताजं भोक पडलं असेल तर कधीकधी ते तसंच भरूनही येतं. वहिनीच्या वेळी हे झालं असतं तर कदाचित, पण ते आता तिच्यासमोर बोलू नको.

आईला दोष देत बसू नको. तिने जे पाहिलं होतं त्यावरून ती बोलली, तिच्या पिढीत कितीतरी जणींनी हेच अंगावर काढलं आणि कोपऱ्यात आयुष्य घालवलं, नाव कुणी ठेवलं नाही त्या आजाराला. तिला हे पत्र वाचून दाखव, दोऱ्याचं तर नक्की.

मला एक पेशंट अजून आठवते. वहिनीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल, सहा वर्षं गळत होतं तिचं. वॉर्डात स्टूलवर कधी पूर्ण बसायची नाही, कडेवर, नेहमी अर्धी उठलेली, आणि उठून गेली की जागा हाताने पुसून जायची, ओली नसली तरी. ऑपरेशन झालं, चौदाव्या दिवशी सकाळी कॅथेटर काढलं, मी तिला सांगितलं पाणी पी आणि वाट बघ. दोन तासांनी ती माझ्या टेबलापाशी आली, काही बोलेना, नुसती उभी. मी म्हटलं काय झालं गं, गळलं का? तर म्हणाली, "सिस्टर, मला लागलीये." सहा वर्षांत पहिल्यांदा तिला लघवी लागली होती. बाथरूममधून आली आणि स्टूलवर बसली, पूर्ण, टेकून.

या आठवड्यात वहिनीला घेऊन जा, दादाला सोबत घे, कागद विसरू नको, आणि तुझी सातव्या महिन्याची तपासणी राहिली असेल तर त्याच फेरीत करून टाक. काय म्हणाले ते मला लिही. आणि आत्ता हे वाचून झालं की आधी उठून वहिनीला एक तांब्या भरून पाणी नेऊन दे, आणि ती ते पिईपर्यंत तिच्याजवळ बस.